‘म्हणे’चे इंग्रजी

दिवाळी अंकातील टीकालेख म्हटला की त्यात एखाद्या कादंबरीचा, काव्याचा किंवा नाटकाचा परामर्श असावयाचा, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी स्वतः तीन कादंबऱ्यांचा अपराधी असल्यामुळे त्या वाटेने जाण्यास फारसा उत्सुक नाही. आज मला ज्या पुस्तकांविषयी लिहावयाचे आहे, त्यांना वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयीच विद्वानांत मतभेद होईल. ‘जगातील न उलगडलेली गूढे’ अशा काहीशा नावाची, भडक वेष्टनांची जी इंग्रजी पुस्तके फूटपाथवर मिळतात, ती ही पुस्तके. मुलांना इंग्रजीत बोलते करावे म्हणून पुष्कळ शिक्षक यांतील विषय वर्गात चर्चेला घेतात. गेली सात-आठ वर्षे मीही घेतो. या पुस्तकांनी मुले बोलू लागतात, हे खरे; पण ती कोणते इंग्रजी बोलू लागतात, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो कसा पडला आणि त्यातून माझे काय मत बनले, एवढे सांगणे हाच या लेखाचा हेतू.

मी पिंपळे सौदागरच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवितो. शिक्षण मॅट्रिक, आणि पुढे चित्रकलेची पदविका. इंग्रजी माझ्याकडे आले ते मोकळ्या तासांच्या चोरवाटेने. पवनेच्या काठचे हे गाव एके काळी शेतांचे होते. आज तेथे हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि माझ्या वर्गातली मुले त्या इमारतींत राहत नाहीत. त्यांच्या आया तेथे धुणीभांडी करतात. वडील कोणी पहारेकरी, कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार. घरे मूळची जालन्याची, परभणीची, धुळ्याची. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आणले, ते शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे आमच्याच पिंपरी-चिंचवडचे. चिंचवडच्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले, या मुलांना ते पहिलीत भेटते. तरी आठवीपर्यंत त्यांच्या तोंडून एक वाक्य निघत नाही. लिफ्टमध्ये भेटणारी त्यांच्याच वयाची मुले जे इंग्रजी बोलतात, त्याची धास्ती त्यांच्या मनात घट्ट बसलेली असते.

शिवाय आपण त्यांना बोलावयास तरी काय देतो? ‘धिस इज अ पेन’ असे मी मुलाला म्हणावयास लावतो, तेव्हा ते पेन आहे हे त्याला ठाऊक असते, मला ठाऊक असते, बहुधा पेनालाही ठाऊक असते. ज्यात सांगण्यासारखे काही उरलेले नाही, ते मूल कशासाठी सांगेल? गूढाच्या पाठात मात्र उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते. खुर्ची आणि बाक एका पातळीवर येतात. मास्तरांनाच येत नाही म्हटल्यावर मुलांना जो आवेश चढतो, तो कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने चढणार नाही.

पहिल्या दिवशी मी बर्म्युडा त्रिकोण घेतला. फळ्यावर नकाशा काढला (तेवढे मला येते) आणि पुस्तकातला मजकूर सोपा करून सांगितला. पाच विमाने गडप, शोधावयास गेलेले विमान गडप, समुद्र शांत, आकाश निरभ्र! वर्ग असा पेटला की शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले. मी मनोमन फुशारलो. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘सर, हे ‘म्हणे’ आहे, की खरंच आहे?’’

या प्रश्नाचे इंग्रजी करून दाखवावे म्हणून मी खडू उचलला, आणि हात अडला. ‘म्हणे’ला इंग्रजी काय? ‘इट इज सेड दॅट’ आहे, ‘दे से’ आहे, ‘रिपोर्टेडली’ आहे. पण या सगळ्यांना टोपी-कोट चढवून बाहेर काढावे लागते. आपला ‘म्हणे’ घरातल्या माणसासारखा वाक्यात कोठेही वावरतो. ‘काल म्हणे वाड्यात साप निघाला.’ ‘त्याला म्हणे नोकरी लागली.’ आजीने सांगितलेल्या दहा वाक्यांच्या हकिगतीत सहा वेळा ‘म्हणे’ येतो, आणि प्रत्येक वेळी ती आपल्याला बजावीत असते की, बाबा, मी हे पाहिलेले नाही. इतकी लहानशी आणि इतकी प्रामाणिक सोय आपल्या भाषेत आहे, हे मला चाळिशीनंतर एका पोराने शिकविले.

त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले. या वेळी कादंबरीकार म्हणून. तेव्हा त्याची हातचलाखी ध्यानात आली. प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात ‘असे सांगतात’ होते. दुसऱ्यात ते एकदा आले. तिसऱ्यापासून ते नाहीसे झाले, आणि जे सांगत होते ते घडलेले ठरले. गडप झालेले खरे काही असेल तर ते एवढेच! आम्ही कादंबरीकार हेच करतो, हे मला मान्य आहे. परंतु आम्ही मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापतो.

बर्म्युडा त्रिकोण हे नाव व्हिन्सेंट गॅडिस या लेखकाने १९६४ साली एका अमेरिकन मासिकात रूढ केले. त्याला जगभर नेले ते चार्ल्स बर्लिट्झ याच्या १९७४ च्या पुस्तकाने. मौज अशी की, हा बर्लिट्झ भाषा शिकविणाऱ्यांच्या घराण्यातला. १८७८ साली अमेरिकेत ज्या मॅक्सिमिलियन बर्लिट्झने आपली प्रसिद्ध भाषाशाळा काढली, त्याचा हा नातू. गूढ आणि भाषाशिक्षण यांची सोयरीक मी पिंपळे सौदागरमध्ये लावली नव्हती, ती आधीच जुळलेली होती! पुढच्याच वर्षी, १९७५ साली, लॉरेन्स कुशे नावाच्या ग्रंथपालाने या पुस्तकांना उत्तर दिले. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या या गृहस्थाने एकेका घटनेच्या तारखेची जुनी वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या. ‘शांत समुद्रात’ बुडालेल्या काही जहाजांच्या दिवशी वादळ होते. एक जहाज तर अटलांटिकमध्ये नव्हे, पॅसिफिक महासागरात सोडलेले सापडले होते. माझ्या मते कुशेने केले ते उत्तम टीकाकाराचे काम. जेथून ‘म्हणे’ पुसला गेला होता, तेथे तो त्याने परत लिहिला.

यानंतर मी पाठ बदलला, आणि आपल्या महाराष्ट्रातले लोणार घेतले. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर म्हणजे काळ्या बसाल्टात पडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा वाटोळा खळगा. लवणासुराला विष्णूने मारले ती ही जागा, असे पुराण सांगते. गावातले दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्याच कथेचे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे भूवैज्ञानिकांनी तो ज्वालामुखीचा खेळ मानला, आणि तसे मानण्यास कारणही होते. सारे दख्खनचे पठारच लाव्हाचे आहे. उल्कापाताचा तर्क मागून आला. अखेर १९७३ साली अमेरिकन आणि भारतीय संशोधकांनी तेथील खडकांत भयंकर आघातानेच बनणारी काच दाखवून दिली, आणि हा खळगा उल्केचाच ठरला. मात्र तो किती जुना, यावर मते जुळेनात. एका पद्धतीने वय सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुन्हा नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे सांगितले.

ही हकीगत फळ्यावर मांडताना मला एक शिडी सापडली. सर्वांत खालच्या पायरीवर ‘इट माइट बी’, त्यावर ‘इट मे बी’, त्यावर ‘इट मस्ट बी’ आणि माथ्यावर ‘इट इज’. मराठीत म्हणावयाचे तर ‘असलेच तर’, ‘असेल’, ‘असलेच पाहिजे’ आणि ‘आहे’. मुलांना मी सांगितले की, वरची पायरी चढावयाची तर हातात पुरावा हवा. पहिल्या नोंदीपासून उल्केच्या ‘इज’पर्यंत पोचण्यास दीडशे वर्षे लागली, वय अजून ‘मे’वरच उभे आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत ही क्रियापदे मी पाठ केली होती, पण त्यांचा उपयोग काय, हे मला लोणारपाशी कळले. बर्म्युडाच्या पाठात मुले मोठ्याने बोलली. लोणारच्या पाठात ती तोलून बोलली. माझ्या मते गूढकथेच्या पुस्तकाची कसोटी हीच. वाचकाला ते शिडी देते, की एका उडीत माथ्यावर नेऊन सोडते?

ज्याचे उत्तर मिळाले तेच गूढ चांगले, असा याचा अर्थ नव्हे. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली शेकडो कातळशिल्पे आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात मासे नि इतर प्राणी. तो आम्ही शाळेच्या अंगणात खडूने खऱ्या मापाचा काढावयास घेतला. अंगण संपले तरी हत्ती संपेना! कोणी कोरला, कशासाठी कोरला, याची चर्चा त्या अर्ध्या हत्तीवर बसून इंग्रजीत झाली. एक मुलगी म्हणाली, ‘‘दे मे हॅव सीन इट.’’ पाहिल्यावाचून कोणी इतका मोठा कोरील का, हा तिचा पुरावा. चित्रकलेचा मास्तर या नात्याने मला तो मान्य करावा लागला.

त्यानंतर मी आठवीला दहा ओळींचा निबंध घातला : ‘एक न उलगडलेले गूढ.’ बहुतेकांनी भुते आणि उडत्या तबकड्या लिहिल्या. एका मुलीने आपल्या मामाविषयी लिहिले. चाकणला कामाला होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला म्हणून पिशवी घेऊन निघाला, तो गावी पोचला नाही. शेवटचे वाक्य होते, ‘ही मे कम बॅक.’ माझ्या डोक्यात शिडी भरलेली. पुरावा नाही, तेव्हा पायरी खालची, असे म्हणून मी तांबड्या शाईने ‘मे’ खोडला आणि ‘माइट’ केला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. ‘‘सर, आईला वाचून दाखवायचंय. ‘मे’चं मराठी ‘येईल’, आणि ‘माइट’चं ‘आलाच तर’ असं तुम्ही सांगितलं होतं. मग आईला काय वाचू?’’

मी काय उत्तर देणार? तांबडी खूण खरडून काढली. कागद फाटेपर्यंत खरडली. ‘‘‘येईल’ वाच,’’ म्हणालो.

व्याकरणाने मी चुकलो नव्हतो. पण लोणारचा खडक आणि कोणाचा भाऊ यांना एकच शिडी लावली, ही माझी चूक. खडकाविषयी बोलताना आपण पुराव्याएवढेच बोलावे. माणसाविषयी बोलताना त्याची वाट पाहणारे कोणी घरी बसले आहे, याचेही भान असावे लागते. बर्लिट्झप्रभृतींच्या पुस्तकांवर माझा खरा आक्षेप येथे आहे. ५ डिसेंबर १९४५ रोजी त्या पाच विमानांतून १४ माणसे गेली; शोधावयास निघालेल्या विमानातून आणखी १३. पुस्तकात ती केवळ कोड्याचे तुकडे होतात.

त्या विमानांचा प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स टेलर. तो वाट चुकला, संध्याकाळी हवा बिघडत गेली, आणि पहिल्या चौकशीत ठपका त्याच्यावर आला. त्याच्या आईला हे मान्य झाले नाही. विमाने नाहीत, प्रेते नाहीत, मग दोष माझ्या मुलाचा हे तुम्ही कशावरून ठरविले, असा तिचा सवाल. ती नौदलाशी भांडत राहिली, आणि शेवटी नौदलाने आपला निर्णय बदलून लिहिले की, कारण अज्ञात आहे. ‘अज्ञात’ हा शब्द एका आईने मिळविला होता. पुढे गूढकथाकारांनी तोच उचलला आणि जणू समुद्रातल्या एखाद्या राक्षसाचे नाव असावे तसा मिरविला. एकाच शब्दाची ही दोन वाचने मी आता दरवर्षी वर्गापुढे ठेवतो, आणि त्यांतले कोणते खरे, हे मुलांना सांगावे लागत नाही.

तेव्हा ही पुस्तके वर्गात आणू नयेत, असे मी म्हणणार नाही. जरूर आणावीत, पण एका हाती पुस्तक आणि दुसऱ्या हाती पेन्सिल घेऊन, जेथे ‘म्हणे’ गळला असेल तेथे तो लिहीत वाचावीत. यंदा माझ्या मुलांनी जगातले गूढ सोडून गावातले घेतले आहे : पिंपळे सौदागर या नावातला सौदागर कोण? घोड्यांचा, मिठाचा, कापडाचा, असे तीन पक्ष पडले असून प्रत्येक पक्ष ‘ही मे हॅव बीन’पाशी ठाम उभा आहे. सुट्टीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून येण्याचे ठरले आहे. वाचकहो, तुमच्याही घरी फराळाच्या ताटांभोवती चार पिढ्या बसल्या असतील आणि गावच्या गोष्टी निघाल्या असतील. आजीच्या हकिगतीत ‘म्हणे’ किती वेळा आला, तेवढे मुलांना मोजावयास सांगा. इंग्रजी नंतर शिकविता येईल.