सिम्युलेटरला ब्रेक तापलेला कळतो का?

विश्रांतवाडीजवळ फुलेनगरला, आळंदी रस्त्यावर प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. आसपासचा भाग बहुतेक सपाट. येथे मालमोटार चालवायला शिकणाऱ्याला घाटाचा उतार कोठून आणून द्यायचा? नवशिक्याला भरलेली गाडी देऊन घाटात पाठवणे धोक्याचे. यावर सिम्युलेटर हा चांगला उपाय आहे. खोलीत चालकाची केबिन, समोरच्या पडद्यावर रस्ता. चूक झाली तरी कोणाला इजा नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी असे यंत्र बनवले. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर आवश्यक केला. हे स्वागतार्हच आहे. आक्षेप आहे तो यंत्र आले म्हणजे शिक्षण झाले, या समजुतीला.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, नवले पुलाच्या उतारावर एका मालमोटारीने चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान केले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले असावे, असे प्राथमिक तपासात पुढे आले.

यात चूक कोणती, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने सांगता येते. २५ टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली, तर २५,००० × ९.८ × १००, म्हणजे सुमारे २ कोटी ४५ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे सुमारे ७० लिटर पाणी उकळीला येईल! खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे खेचते व यातला मोठा भाग स्वतःवर घेते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. शिवाय एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद असेल, तर ब्रेक दाबावा तशी टाकीतली हवा घटत जाते.

आता सिम्युलेटरकडे वळू. त्याच्या आज्ञावलीत हे गणित नसेल, तर दहाव्यांदा दाबलेला ब्रेकही पहिल्याइतकाच लागेल. अशा यंत्रावर विद्यार्थी नुसता कोरा राहत नाही; तो चुकीचे शिकतो, आणि पायाला लागलेली सवय सहज सुटत नाही. म्हणून यंत्र घेताना पडदा किती मोठा, हे विचारण्याआधी विचारावे: माल भरल्यावर गाडीचे वागणे बदलते का? ब्रेक तापतात का? हवेचा दाब उतरतो का? आणि चूक झाल्यावर ती का झाली, हे समजावणारा शिक्षक शेजारी आहे का?

कपाटात बंद असलेल्या सूक्ष्मदर्शकाने जीवशास्त्र शिकवले जात नाही, हे आपण शिक्षक जाणतोच.