नानांचे आत्मचरित्र : पानिपतानंतरचे मौन

नाना फडणिसांचे आत्मचरित्र अपुरे राहिले, ही हळहळ जुनीच आहे. ते जेथे थांबते, तिकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आई गमावून, विशीही न ओलांडलेला हा तरुण जिवानिशी परततो. बालपणीची देवपूजा, विषयवासनेची कबुली, वैराग्याचे उमाळे (त्या काळी असे मोकळेपण विरळाच) येथे आहेत. १८०० साली मृत्यू येईपर्यंत ज्या राजकारणाने आयुष्य व्यापले, त्याचा वृत्तांत नाही. बखरकार धारातीर्थी पडलेल्यांचा स्वधर्म निःशंकपणे सांगतो. आपण कशासाठी उरलो, हे वाचलेल्याला स्वतःच ठरवावे लागते. पश्चात्तापात घडलेल्या या गद्याला कारभारातील स्वधर्म पेलला नसावा. त्याच्या उंबरठ्यावरच ते तुटते.