भिंतीमागे काय घडले?

परवा सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातून एक नवे ऐतिहासिक नाटक अर्ध्यावर सोडून नवी पेठेत घरी परतलो. तलवारी, धूर, पल्लेदार संवाद, टाळ्या, सगळे होते. आपल्या माणसांच्या हातूनही कधी पाप घडले असेल, एवढी शंका मात्र कुणाला शिवली नव्हती. २०२८ साली विजय तेंडुलकरांची जन्मशताब्दी आहे. महोत्सव होतील, हारतुरे होतील. त्यांचा वारसा चालवणारे कोण, हे त्याआधी विचारले पाहिजे.

आपण उचलली ती ‘गिधाडे’तली शिवी आणि ‘सखाराम बाइंडर’मधला बेदरकारपणा. ‘घाशीराम कोतवाल’ कुणाला पेलले नाही. सोलापुरात शाळा शिकलेल्या जब्बार पटेलांनी ते १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात उभे केले आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबले. आरोप होता नाना फडणवीसांच्या बदनामीचा. माझ्या मते दुखले ते दुसरेच. ब्राह्मणांची ती रांग आठवा. ती भजनात डोलते, लावणीवर माना हलवते आणि भिंत होऊन मागचे सारे झाकते. घाशीराम घडतो तो या भिंतीच्या आडोशाला. शेवटी त्याचा जीव घेतला जातो आणि पुणे पुन्हा शुचिर्भूत होते. ती भिंत प्रेक्षकांच्या ओळखीची होती, म्हणून झोंबली.

त्यानंतर काय? ‘जाणता राजा’ हा सोहळा आहे, त्याला नाटक म्हणवत नाही. कौटुंबिक विनोदी नाटकांना इतिहासाचे सोयरसुतक नाही. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी बसवलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ तेवढे महाराजांना मिरवणाऱ्यांकडे हिशेब मागते.

व्हिएन्नात १९८८ साली थॉमस बर्नहार्डने असाच हिशेब मागितला. ऑस्ट्रिया स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवत आला होता. बर्नहार्डने नाटकाला नावच दिले ‘हेल्डेनप्लाट्झ’. १९३८ मध्ये हिटलरच्या स्वागताला गर्दी लोटली होती तो हा चौक. नाटकातल्या ज्यू प्राध्यापकाच्या विधवेला पन्नास वर्षांनंतरही तो जयघोष ऐकू येतो. देश खवळला, पण नाटक झाले.

आपल्याकडे ते धाडस कुठे आहे? सप्टेंबर १९४८ मध्ये याच सोलापुरातून फौज नळदुर्गच्या वाटेने हैदराबादेकडे निघाली. रझाकारांचे अत्याचार खरे होते, निजामाची राजवट जाणे न्याय्यच होते. पण पुढे काय झाले? त्या कारवाईत आणि तिच्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज आहे. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशके दडपला गेला. रझाकारांवर आपण चित्रपट काढले. कारवाईनंतरच्या आठवड्यांवर गाजलेले एक मराठी नाटक मला आठवत नाही. आपण काय सोसले ते सांगताना आपला गळा दाटतो, आपल्या हातून काय झाले ते विचारले की आपण गप्प होतो. या गप्प बसण्याला मी भ्याडपणाच म्हणेन.

तेंडुलकरांची शताब्दी साजरी करायची तर हे नाटक लिहा. हुतात्मा स्मृती मंदिरात ती रांग पुन्हा उभी करा. फक्त या वेळी तिच्या अंगावर पेशवाई वस्त्रे नकोत. आमच्या नवी पेठेतल्या दुकानांतून घेतलेले, रोजचे कपडे असू देत.