मांडव्याची लाट : एका पोर्टफोलिओविषयी

या व्याख्यानाचा विषय ‘सर्फ आणि छायाचित्रण’ असा कळवला, तेव्हा फोनवर मला विचारण्यात आलं, ‘म्हणजे साबणाच्या जाहिरातींबद्दल का?’ (हशा) चूक त्यांची नाही. आपल्या घरात सर्फ हा शब्द मोरीतूनच आला. आज बोलायचं आहे ते फुटणाऱ्या लाटेबद्दल, त्या लाटेवर फळी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्याहून जास्त किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन बसलेल्या तिसऱ्याबद्दल.

निमित्त आहे एका विद्यार्थिनीच्या पोर्टफोलिओचं. छायाचित्रणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. परवानगी घेतली आहे, ती समोर बसलीही आहे. नाव सांगत नाही, कारण मला फोटोंबद्दल बोलायचं आहे. चोवीस फोटो आहेत. मांडव्यापासून सुरुवात करून किहीम, आक्षी, नागाव, काशीद असा किनारा धरून ती खाली गेली. सर्फिंगच्या जागा शोधायच्या आणि तिथली ‘ॲक्शन’ टिपायची, असा बेत. निम्म्याहून जास्त फोटो मांडव्याचे आहेत, म्हणून मीही तिथेच थांबणार आहे.

आधी जे चांगलं आहे ते. हाताला सराव आहे. १/२००० सेकंदाला थेंब गोठवणं हे आज कॅमेरा करून देतो हे खरं, पण नेमका कुठला थेंब, हे कॅमेरा ठरवत नाही. सहावा फोटो बघा, पडद्यावर आहे. एक मुलगा उडी मारतोय, त्याच्यामागे लाट, आणि ती लाट त्याच्या डोक्याएवढी. पाणी काचेसारखं फुटलंय. पहिल्यांदा बघताना मीही ‘वा’ म्हटलं.

आता मांडव्याला गेलेले हात वर करा. बरेच आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथे, पावसाळा सोडून, डोक्याएवढी लाट पाहिली आहे? (हशा) ती लाट गुडघ्याएवढी आहे. कॅमेरा वाळूवर टेकवला, लांब पल्ल्याची लेन्स लावली, की मागची लाट पुढे येते आणि उंच होते. याला मी लबाडी म्हणणार नाही. समुद्राच्या छायाचित्रणाचा जन्मच असल्या युक्तीतून झाला आहे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास सेत बंदरावर लाटांचे फोटो काढले, तेव्हाच्या काचेवर आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट उमटत नसत. त्याने आकाशाची काच वेगळी, समुद्राची वेगळी अशा दोन घेतल्या आणि कागदावर जोडल्या. लोक थक्क झाले. पण ल ग्रेची युक्ती त्याच्या डोळ्यांसमोरच्या समुद्राला कागदावर आणण्यासाठी होती. या पोर्टफोलिओतली युक्ती समोरच्या समुद्राला दुसऱ्या समुद्रासारखं दाखवण्यासाठी आहे. हवाईचा, नाहीतर बालीचा. माझा आक्षेप तिथे सुरू होतो.

मांडव्याला सर्फिंगची लाट का नाही, हे समजून घेतलं तर हा आक्षेप नुसता चवीचा राहत नाही. मांडवा मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. खुल्या समुद्राची लाट तिथे वळून, थकून येते. त्याआधीही तिला मोठा पल्ला असतो. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ जवळजवळ तीनशे किलोमीटर आत पसरलेला आहे, आणि एवढ्या उथळावरून घासत येताना लाटेतला जोर बराच संपतो. पावसाळ्यात जोर असतो, पण तेव्हा वाराही समुद्राकडून जमिनीकडे, त्यामुळे लाट सरळ उभी न राहता विस्कटते. वर भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. उडुपीकडे हा फरक याच्या निम्म्याहूनही कमी. एवढं पाणी हललं की लाट फुटायची जागाच दिवसभर सरकत राहते. इथे लाट छोटी आहे आणि भरती मोठी आहे. म्हणजे या किनाऱ्यावर जी खरी हालचाल आहे ती सेकंदात मोजायची नाही, तासांत मोजायची आहे. चोवीस फोटोंत एकाही ठिकाणी भरती दिसत नाही. म्हणजे भरतीचं पाणी असेल, पण चार तासांपूर्वी ते इथे नव्हतं, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. आपला किनारा पश्चिमेचा. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, म्हणजे छायाचित्रकाराच्या तोंडावर. सर्फचे म्हणून जे फोटो ही मुलं मोबाइलवर बघून वाढली, त्यातला सोनेरी, मागून आलेला प्रकाश इथे फुकट मिळतो आणि मोह होतो. चोवीसपैकी अकरा फोटोंत माणसं काळ्या आकृत्या आहेत. नाक नाही, डोळे नाहीत, अंगावरचा शर्ट कसला ते नाही. कोळ्याचा मुलगा आणि ठाण्याहून आलेला पर्यटक यांच्यात फरकच उरत नाही. सकाळी गेली असती तर ऊन जमिनीकडून, डोंगराच्या बाजूने आलं असतं आणि चेहरे दिसले असते. सकाळचा एकही फोटो नाही. विचारलं तर म्हणाली, पहिल्या लाँचने आले तरी उशीर होतो. खरं आहे. पण मग मुक्काम करायचा. ॲक्शन फोटोग्राफीत निम्मं काम मुक्कामाचं असतं.

आता २०२४ च्या ऑलिंपिकमधला तो फोटो. तुमच्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना, ताहितीतलं तेआहुपो, २९ जुलै. तो हवेत सरळ उभा, एक बोट वर, शेजारी त्याची फळीही तशीच उभी. एएफपीचे जेरोम ब्रुइये यांनी काढलेला. लोक म्हणाले काय नशीब, काय क्षण. पण तो फोटो आला कसा, ते बघा. ब्रुइये बोटीत होते, लाटेच्या पाठीमागच्या बाजूला. मेदिना लाटेच्या आत असताना त्यांना तो दिसतच नव्हता. पण ही लाट संपली की हा माणूस बाहेर उडी घेतो आणि काहीतरी करतो, हे तिथल्या सगळ्याच छायाचित्रकारांना ठाऊक होतं. तो वर आला, ब्रुइये यांनी चार फ्रेम घेतल्या, त्यातली एक ही. म्हणजे ज्याला आपण क्षण म्हणतो तो क्षण येण्याआधी ओळखलेला होता. शिवाय, मेदिनाने ज्या लाटेवर ९.९० गुण मिळवले, त्या लाटेवरची त्याची कसरत या फोटोत नाहीच! लाटेची पाठ आहे, आणि लाट संपल्यानंतरचा माणूस आहे. सर्फिंगचा जगातला सगळ्यात गाजलेला अलीकडचा फोटो हा सर्फिंग संपल्यावरचा आहे.

ही ओळख पाण्यात राहूनच होते. कॅलिफोर्नियात सर्फिंगचे फोटो ज्यांनी पहिल्यांदा निगुतीने काढले त्यांतले एक जॉन ‘डॉक’ बॉल व्यवसायाने दंतवैद्य होते, पण स्वतः सर्फर. १९४६ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यातली माणसं त्यांच्याच मित्रमंडळातली. आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर इशिता मालवीय. मुंबईची मुलगी, शिकायला मणिपालला गेली, तिथे सर्फिंगशी गाठ पडली, आणि २००७ मध्ये जोडीदाराबरोबर उडुपीजवळ कोडी बेंगरे या मच्छीमार गावी तिने शाका सर्फ क्लब काढला. भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचं नाव घेतात. लक्षात घ्या, मुंबईच्या मुलीला लाटेसाठी कर्नाटकात जावं लागलं, आणि जाऊन ती तिथे राहिली. तमिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवळमला तर मच्छीमारांचीच मुलं सर्फर झाली. तिथला सर्फिंगचा फोटो हा त्या गावाचा फोटो असतो. मांडव्याला तसं व्हायला लाट नाही, त्याला कुणाचा इलाज नाही.

मग या मुलीने काय करायचं? प्रकल्प सोडायचा? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण तिच्याच पोर्टफोलिओत आहे. सतरावा फोटो लावा. हो, हाच.

लाँच धक्क्याला लागतेय. खलाशी पुढच्या टोकावर उभा, उजवा हात मागून पुढे आलेला, दोर हवेत, त्याची वेटोळी अजून पूर्ण सुटलेली नाहीत. डावा पाय कठड्यावर. त्याची नजर दोराकडे नाही, धक्क्यावरच्या खांबाकडे आहे. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याचा एक काळा पट्टा, हातभर रुंद, आणि तो पट्टा आता मिटणार की रुंदावणार हे फोटोतून कळत नाही. मागे प्रवासी आधीच उभे राहिलेत, पिशव्या हातात, आपल्या नेहमीच्या घाईत. (हशा) या फोटोला मोठ्या लाटेची गरजच पडलेली नाही. पाणी बोटीला हलवतंय आणि माणूस त्या हलण्याचा हिशेब करतोय, सगळी ॲक्शन त्या हिशेबात आहे. सर्फर दुसरं काय करतो?

मी विचारलं, हा कसा मिळाला? म्हणाली, ‘सर, आठ-दहा वेळा त्याच लाँचने गेले होते. तो कुठे पाय ठेवतो ते माहीत झालं होतं.’ म्हणजे ब्रुइये यांना मेदिनाबद्दल जे माहीत होतं तेच, फक्त गेटवे ते मांडवा या मार्गावर. आणि गंमत अशी की तिने हा फोटो ‘भरीचा’ म्हणून घातला होता.

त्याच्या शेजारीच एकोणिसावा आहे, कुरव पक्ष्यांचा. हिवाळ्यात लाँचमागे हे पक्षी येतात, लोक वेफर्स आणि गाठिया उडवतात, पक्षी झेपावतो, शंभर मोबाइल वर होतात. पंख लख्ख, चोच उघडी, १/२५००. निर्दोष फोटो आहे आणि मला त्याचा कंटाळा येतो. झेप पक्ष्याची, पण ती घडवून आणली गाठियाने. खलाशाचा दोर कुणी फोटोसाठी फेकायला लावला नव्हता.

श्रमाची हालचाल हा छायाचित्रणाचा विषय आपल्याला नवा नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, त्यात ॲक्शन आहे, आणि ती बघवत नाही इतकी आहे. होकुसाईचं ते जगप्रसिद्ध लाटेचं चित्र घ्या, टी-शर्टांवर असतं ते. त्यात तीन होड्या आहेत आणि त्यांत वाकून बसलेले वल्हेकरी आहेत, हे टी-शर्ट घालणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं असेल? लाट एवढी मोठी वाटते ती त्या वाकलेल्या पाठींमुळे.

मांडव्याहून थोडं पुढे सासवणे आहे. तिथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर, आता त्यांचं शिल्पालय. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा करणारा हा माणूस. त्याने आपल्या गावाकडे पाहिलं तेव्हा तिथली साधी माणसं घडवली, आणि म्हैस घडवली. ती म्हैस बघायला मी विद्यार्थ्यांना आवर्जून पाठवतो. स्थिर बसलेली आहे, पण आता उठेल असं वाटतं. ही मुलगी त्या रस्त्याने सहा वेळा गेली, आत एकदाही गेली नाही. सर्फचा प्रकल्प, मग शिल्पालयात कशाला? असा विचार केला असणार.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. रिकामी वाळू, एकटी काळी आकृती, सोनेरी पाणी, असे फोटो निरुपद्रवी नसतात. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, आता गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. या पट्ट्यातल्या जमिनीला कसं गिऱ्हाईक आहे ते तुम्ही जाणता. विकाऊ जमिनीच्या माहितीपत्रकावर असाच किनारा छापलेला असतो: माणसं नाहीत, जाळी नाहीत, वाळत घातलेली मासळी नाही. विद्यार्थिनीचा हेतू तसा नाही, पण चित्राची भाषा तीच आहे. नाहीतरी मांडवा या नावाचं नशीबच असं. ‘अग्निपथ’मुळे ते देशभर झालं, आणि २०१२ च्या ‘अग्निपथ’मधलं मांडवा दीवला जाऊन चित्रित केलं. मांडव्याशिवाय मांडवा दाखवता येतो! या चोवीसांतले पंधरा-सोळा फोटो दीवचे म्हणून दाखवले तरी कुणी हरकत घेणार नाही.

आता कामाचं. पहिले अकरा काळ्या आकृत्यांचे, त्यातले दहा काढ. सहावा ठेव, पण त्याच जागेवरून ओहोटीचा एक फोटो काढून शेजारी लाव, म्हणजे तो मुलगा कशात उड्या मारतोय ते कळेल. पावसाळ्यात मोठ्या लाटेच्या आशेने पाण्यात उतरू नकोस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, छोट्या लाँच बंद असतात, ते काही उगाच नाही. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतील तेव्हा रायगडच्या याच किनाऱ्यावर डोल जाळ्यावर जाणारी बोट बघ. डोल हे प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. भरतीच्या ओढीने त्यात मासळी शिरते, आणि पाणी फिरायच्या वेळी, ओढ मंदावते तेव्हा, ते उचलतात. ती वेळ घड्याळात रोज पुढे सरकते, कोळ्यांना ती तिथीवरून पाठ असते. तांडेलाला विचार. नेतो म्हणाला तर जा, नाही म्हणाला तर धक्क्यावर थांब.

आणि सतराव्या फोटोखाली तू नुसतं ‘मांडवा, जानेवारी’ लिहिलं आहेस. आठ-दहा वेळा त्याच्याबरोबर प्रवास केलास. त्याला नाव विचार, आणि फोटो दाखव. पाय कठड्यावर बरोबर पडलाय का, ते तो सांगेल.