पाय पुढे करणारी नम्रता

आजचा विषय 'ख्रिस्ताची नम्रता आणि आपलं रोजचं जगणं'. आत्ता माझी ओळख करून देताना बरीच विशेषणं वापरली गेली आणि मी मान खाली घालून 'कसलं, कसलं' असं पुटपुटलो. तुम्ही ते पाहिलंत. पण मागे एका सभेत ओळख करून देणारे गृहस्थ माझ्या नावाआधीचं 'डॉक्टर' विसरले, तेव्हा ते न उच्चारलेलं 'डॉक्टर' घरी पोहोचेपर्यंत मला टोचत होतं, हे तुम्ही पाहिलेलं नाही. 'कसलं, कसलं' म्हणणारा आणि पदवी मोजणारा माणूस एकच आहे. आजचं बोलणं त्या माणसाविषयी आहे. तो तुमच्यापैकीही काही जणांच्या ओळखीचा असावा.

आपल्या मंडळ्यांमध्ये नम्रतेची एक भाषा तयार झालेली आहे. 'मी अपात्र', 'मी धुळीसमान', 'माझं काहीच नाही, सगळं प्रभूचं'. ही भाषा खोटीच असते असं मी म्हणत नाही. पण तिची सवय झाली की तिच्या आड राहणं सोपं जातं. ज्याने स्वतःला आधीच धूळ म्हणून टाकलं, त्याला तुम्ही 'तुमचा हिशेब चुकला आहे' असं सांगून बघा. धूळ लगेच डोळ्यांत जाते!

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे दोन टीकाकारांची आठवण करून द्यावीशी वाटते. डेव्हिड ह्यूमने 1751 मध्ये नम्रतेला उपासतापास आणि एकांतवासाच्या पंक्तीला बसवलं आणि हे मठातले गुण माणसाच्या काही उपयोगाचे नाहीत असं ठरवून टाकलं. नीत्शे 1887 मध्ये त्याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दुबळ्याला सूड घेता येत नाही म्हणून तो आपल्या दुबळेपणालाच सद्गुणाचं नाव देतो. ख्रिस्ती माणसं या दोघांवर रागावतात. मला वाटतं, रागावण्याआधी त्यांनी कशावर बोट ठेवलं ते बघावं. 'मी धुळीसमान' ही भाषा म्हणजेच नम्रता असेल, तर ते दोघे बरोबर आहेत.

पण नव्या करारात नम्रतेचं चित्र तसं आहे का? फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय घ्या. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. नागरिकत्व, हुद्दा, घराणं यांचा तिथे मोठा तोरा. अशा गावात पौल सांगतो, की जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ती बरोबरी मुठीत धरून ठेवली नाही, तो दासाच्या रूपात आला आणि वधस्तंभापर्यंत गेला. वधस्तंभ ही त्या काळी विशेषतः गुलामांना द्यायची शिक्षा. ग्रीक भाषेत 'नम्र' या अर्थाचा शब्द तोवर बहुधा हलका, लाचार अशा हिणवण्याच्या अर्थाने वापरला जाई. पौल तोच शब्द उचलतो आणि सद्गुणाच्या जागी ठेवतो. म्हणजे ही गोष्ट दुबळ्याची नाही, ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही होतं त्याची आहे. आपल्या भाषेतही बघा. 'नम्र' शब्दात 'नम्' म्हणजे वाकणं आहे, आणि वाकायला आधी कणा लागतो.

आता योहानाचा तेरावा अध्याय. येशू शिष्यांचे पाय धुतो. हा प्रसंग आपण इतका ऐकला आहे की त्यातली अडचण आपल्याला दिसत नाही. पाय धुण्याआधी योहान मुद्दाम सांगतो, की आपण कुठून आलो आणि कुठे जाणार हे येशूला ठाऊक होतं. स्वतःला कमी लेखून तो उठलेला नाही. आपण कोण हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून कमरेला रुमाल बांधताना त्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही.

आणि पेत्र? पेत्र नाही म्हणतो. माझे पाय तुम्ही धुवायचे? कधीच नाही. वरवर पाहता त्या खोलीतला सगळ्यात नम्र माणूस पेत्रच. पण येशू त्याचं कौतुक करत नाही. धुऊ दिलं नाहीस तर तुझा-माझा संबंध नाही, इतक्या कडक शब्दांत त्याला सुनावतो. मग पेत्र म्हणतो, तर मग हात आणि डोकंही धुवा! म्हणजे आधी काहीच नको आणि आता सगळंच हवं. दोन्ही वेळा अट पेत्राचीच. प्रेम आपल्याकडे कसं यावं, किती यावं, कुणाच्या हातून यावं, हे त्याला स्वतः ठरवायचं आहे. माझ्या मते या अध्यायाचा अर्धा धडा इथे आहे, आणि तो आपल्या उपदेशांतून बहुधा गळतो. सेवा कर, हे आपण सांगतो. सेवा करवून घे, हे सांगत नाही.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. ज्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात, ते घरून पाय स्वच्छ घासून येतात. मीही एकदा तसाच गेलो होतो, मोजे नवीन घालून. धुतलेले पाय पुन्हा धुतले गेले. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन केला. त्या बारांत मुली होत्या, मुसलमान होते. लोक पोपच्या नम्रतेविषयी बोलले. मला मात्र ज्या मुलांनी पाय पुढे केले त्यांचं मन कसं झालं असेल, याचं कुतूहल वाटतं.

मराठीत या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं वाचन मला कुठल्याही धर्मग्रंथावरच्या टीकेत सापडलं नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सापडलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ज्या घरात सोवळ्याचा अतिरेक होता, अशा घरात वाढलेल्या त्या. पुढे 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुस्तक नीट वाचलंत तर लक्षात येईल, की खरी उलथापालथ त्याआधीच झाली होती. उच्च-नीच देवाने केलं की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात सुटला, आणि तो सुटला तो खाण्यापिण्याच्या पातळीवर.

आपल्याकडे नम्रतेची कसोटी हीच आहे. 'मी कुणालाही पाणी पाजीन' म्हणणारे सुधारक पुष्कळ होते. मी कुणाच्या हातचं पाणी पिईन, हा प्रश्न त्याहून कठीण. देणारा हात वरच राहतो. घेणाऱ्याला ओंजळ खाली धरावी लागते. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतल्यावरही ज्या घरांतून जात गेली नाही, लग्नं जमवताना जी अजून हळूच विचारली जाते, त्या घरांनी योहानाचा तेरावा अध्याय अजून पुरता वाचलेला नाही, असं मी खेदाने म्हणतो.

'स्मृतिचित्रे'चा दुसरा गुण त्याच्या सुरात आहे. ख्रिस्ती 'साक्ष' ऐकताना पुष्कळदा जाणवतं, की 'मी केवढा पापी होतो' यातल्या 'केवढा' शब्दात थोडी फुशारकी शिल्लक आहे. लक्ष्मीबाई स्वतःला पापीही मिरवत नाहीत आणि संतही. त्या स्वतःला हसतात. टिळकांचा संताप, त्यांचा उधळा दानधर्म, विसराळूपणा, सगळं सांगतात, पण तक्रारीचा सूर लावत नाहीत आणि नवऱ्याला देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. स्वतःकडे बघून मोकळेपणाने हसता येणं, ही मला 'मी धुळीसमान' या वाक्यापेक्षा नम्रतेची जास्त भरवशाची खूण वाटते.

आता एक गंभीर आक्षेप. नम्रतेचा उपदेश आपण कुणाला करतो? नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, मंडळीच्या पैशांचा हिशेब मागणाऱ्या तरुणाला, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकवून ठेवलं त्यांना. हा उपदेश नाही, अन्यायाची राखण आहे. येशूची चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याला थोबाडीत मारली. तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, नसेन तर मारतोस का, असं त्याने विचारलं. पाय धुणारा आणि हा प्रश्न विचारणारा एकच आहे. नम्रता म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे.

शेवटी स्वतःचं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकता येत नव्हतं. पाय धुवायला एक मामा यायचे. पहिल्या दिवशी मी म्हणालो, 'राहू द्या हो, कशाला?' त्यांनी बादली ठेवली आणि म्हणाले, 'सर, पाय पुढं करा. मला अजून चार घरं आहेत.' मी आयुष्यभर योहानाचा तेरावा अध्याय शिकवला होता, आणि त्या क्षणी मी पेत्र होतो. पाय पुढे केले. शरम वाटली, मग ती ओसरली. चौथ्या दिवशी मी त्यांना त्यांच्या गावाबद्दल, मुलांबद्दल विचारलं. तोवर त्यांचं नावही मी विचारलेलं नव्हतं. माझ्या नावाआधीचं 'डॉक्टर' विसरलं गेलं म्हणून घरी येईपर्यंत जो मनात कुढत होता, तो मी.

म्हणून रोजच्या जगण्यासाठी मोठा संकल्प सुचवत नाही. कुणी चूक दाखवली तर उत्तर देण्याआधी एक श्वास थांबावं. कुणी मदत देऊ केली तर 'नको, नको' न म्हणता 'बरं होईल' म्हणावं. आणि ज्याच्या हातून घेतो त्याचं नाव विचारावं. एवढं मला अजून रोज जमत नाही.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. माझं चुकलं असेल तर तेही सांगा, एक श्वास थांबून ऐकेन.