मुखत्यार आणि तोतया

तत्त्वज्ञानाच्या मास्तराला संगणकाचं काय पडलंय, असं काहींना वाटेल. पण प्रश्न जुना आहे, यंत्र तेवढं नवं आहे.

आपल्या वतीनं वेबसाइटवर जाऊन तिकीट शोधणारे, फॉर्म भरणारे प्रोग्रॅम आता आहेत. वेबसाइट त्यांना 'बॉट' म्हणून अडवते. मग ते अडवले जाऊ नयेत यासाठीची साधनंही निघतात: माऊस माणसासारखा अडखळत हलवायचा, संगणकाचा पत्ता सतत बदलायचा, कॅप्चातली चित्रं ओळखायची. त्यामागचा युक्तिवाद असा: "काम माझंच आहे. मी केलं काय नि माझ्या यंत्रानं केलं काय, फरक काय?" तो आज तपासून पाहू.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. मुलगा अमेरिकेत असतो, बोरिवलीतला फ्लॅट विकायचा असतो, तेव्हा तो वडिलांना मुखत्यारपत्र देतो. वडिलांनी केलेली सही कायद्याला चालते. म्हणजे दुसऱ्यानं आपल्या वतीनं वागणं यात गैर काही नाही. मात्र मुखत्यार 'मी अमक्याचा मुखत्यार' असं सांगून सही करतो. तो मुलगा असल्याचं सोंग आणत नाही.

सोंग आणणाऱ्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे: तोतया. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उभा राहिला. 1776 मध्ये त्यानं कोकणात बंड माजवलं, त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याचा गुन्हा दुसऱ्यासाठी काम केल्याचा नव्हता. दुसराच असल्याचं भासवण्याचा होता.

आता तत्काळ तिकिटाकडे या. सकाळी 10 वाजता एसीचं आणि 11 वाजता बिगर-एसीचं बुकिंग उघडतं. मुलुंड-घाटकोपरची किती घरं त्या वेळी मोबाईल धरून बसतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, असं खुद्द रेल्वे मंत्रालयानं जून 2025 मध्ये सांगितलं. अडीच कोटी संशयित खाती बंद केल्याचंही सांगितलं. 1 जुलैपासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली, आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आली.

इथे "फरक काय?" याचं उत्तर मिळतं. रांग हा एक करार आहे. पुढे-मागे ठरतं ते कोण आधी आलं यावरून, आणि प्रत्येकाला दोनच हात आहेत हे त्यात गृहीत धरलेलं असतं. कांटची कसोटी लावून पाहा: प्रत्येकानं असा बॉट लावला तर? रांग उरणारच नाही, यंत्रांची शर्यत उरेल आणि महागडं यंत्र जिंकेल. सगळ्यांनी पाळला तर मोडून पडतो, असा हा नियम आहे. म्हणजे बाकीचे प्रामाणिक राहतील, या भरवशावरच तो चालतो.

पण मंडळी, दुसरी बाजू निर्दोष आहे असं समजू नका. ट्युरिंगनं 1950 मध्ये कल्पिलेल्या खेळात माणूस यंत्राची परीक्षा घेत होता. कॅप्चात यंत्र माणसाची परीक्षा घेतं, आणि माणसं नापास होतात! अंध व्यक्तीला चित्र कसं दिसावं? ऑनलाइन केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी काय करावं? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अशा माणसासाठी सहायक प्रोग्रॅम ही चैन नव्हे, काठी आहे. दारवान काठी आणि दरोडेखोर यांत भेद करत नसेल, तर दोष दारवानाचा.

म्हणून कोणी म्हणेल, "बघा, मग बॉटला लपायला मदत करणंच योग्य!" मला ही उडी मान्य नाही. दार अरुंद आहे म्हणून मुखवटा वाटला, तर त्याचा पहिला फायदा दलालाला होतो. अंध माणूस बाहेरच राहतो. मागणी दाराची हवी. याचं उदाहरण आपल्याकडे घडलेलं आहे. 2021 च्या लसीकरणात कोविननं मोकळ्या जागांची माहिती प्रोग्रॅमना एका खुल्या मार्गानं दिली. त्यावर अनेकांनी सूचना देणारी साधनं उभी केली. गर्दी वाढल्यावर त्या मार्गाला मर्यादा घातल्या गेल्या, हेही खरं. तरी तो मार्ग जाहीर होता आणि त्याचे नियम सगळ्यांना दिसत होते.

तेव्हा माझं म्हणणं दोन्ही पक्षांना गैरसोयीचं आहे. वेबसाइटवाल्यांनो, मुखत्यारासाठी दार ठेवा: तो कोण, कोणाच्या वतीनं आलाय ते विचारा आणि रांगेत एका माणसाची एकच जागा द्या. आणि साधनं बनवणाऱ्या हुशार मुलांनो, तुमच्या यंत्राला नाव सांगायला शिकवा. नाव सांगूनही त्याला हाकललं, तर भांडायला आम्ही म्हातारे तुमच्या बाजूनं येऊ. नाव लपवून आत शिरलात, तर मात्र नाही.

आता प्रश्न घेऊ या.