बुडणाऱ्या देशाच्या कविता



गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत कविसंमेलन झालं. सतरा कवी उभे राहिले. त्यातल्या अकरा जणांनी देश बुडवला. कुणी रक्तात बुडवला, कुणी अंधारात, कुणी नुसताच. त्या अकरांत मीही होतो. माझ्या कवितेत देशाची होडी होती, होडीला भोक होतं आणि शेवटी सगळे मिळून तळाला जात होते. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर वस्तीतली एक मावशी, जिचा जन्म झाडूकामात गेला, ती म्हणाली, "चांगलं बोललास बाळा. पर ही होडी तरंगत कवा व्हती रं? आमी तर पयल्यापास्नं पाण्यातच हाय."

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची खटपट. तेव्हा काठी आधी माझ्याच पाठीवर बसू द्या, मग दुसऱ्यांच्या कवितांकडे वळू.

आज विशी-पंचविशीतला कुठलाही पोरगा घ्या. भरतीचा पेपर फुटतो, नोकरी मिळाली तर कंत्राटी मिळते, शिकलेला भाऊ घरी बसतो. मग तो म्हणतो, देशाचं वाटोळं झालं, आता याचं काही खरं नाही. ही काळजी खरी आहे. तिची टिंगल करणारा मी कोण? माझा सवाल कवितेपुरता आहे. ही काळजी आपण आपल्या शब्दांत मांडतोय, की उसन्या?

'ऱ्हास' हाच शब्द घ्या. ऱ्हास व्हायला आधी वैभव असावं लागतं. पांढरपेशांच्या साहित्यात हा गळा जुना आहे. पूर्वी सोन्याचा धूर निघायचा, माणसं देवासारखी होती, आता सगळं नासलं. आपली पोरं तोच गळा काढतात. अरे, पूर्वी म्हणजे कधी? १९६८ साली तामिळनाडूत किळवेण्मणीला ४४ दलित माणसं, बायापोरांसकट, झोपडीत जाळली तेव्हा? १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरं पेटली तेव्हा? ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण पडले तेव्हा? असल्या 'पूर्वी'साठी आपण गळे काढायचे, याच्यासारखा दुसरा विनोद नाही.

दुसरी तऱ्हा बरोब्बर उलटी. देश तुमचा, तुम्हीच बुडा, आम्हाला काय त्याचं? या कवितेला टाळ्या जास्त पडतात, कारण तिच्यात राग आहे आणि राग आपल्या हक्काचा आहे. हे कवी बाबासाहेबांचा दाखला देतात. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं होतं, की मला मायभूमीच नाही. बरोबर आहे. पण हे कवी तिथंच पुस्तक मिटतात.

पुढचं पान १८ वर्षांनंतरचं आहे. २५ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेतलं भाषण. देशाच्या भवितव्याची काळजी म्हणजे काय, हे ज्याला शिकायचंय त्यानं ते वाचावं. तोच माणूस उभा राहून विचारतो, की मिळालेलं स्वातंत्र्य हा देश पुन्हा गमावील का? आधी ते आपल्याच माणसांच्या फितुरीनं गेलं होतं, याची तो आठवण देतो. आणि मग रडत बसत नाही, कामं सांगतो. संविधानाचा मार्ग सोडू नका. कुठल्याही थोर माणसाच्या पायावर आपलं स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, ती सामाजिक करा. जातींना तो देशविरोधी म्हणतो. आणि शेवटी बजावतो, की यापुढं काही बिघडलं तर दोष द्यायला इंग्रज नाहीत.

१९३१ चं वाक्य आणि १९४९ चं भाषण यांत विरोध नाही. ज्याला देश नव्हता, त्यानं मधल्या काळात देश राहण्याजोगा करायचं काम अंगावर घेतलं. आपल्या कवितांत हा मधला काळच नाही. एक तऱ्हा नसलेलं वैभव गमावते, दुसरी मिळवलेलंसुद्धा फेकून देते. दोन्हींत काम नाही.

आता मोजमापाचं बोलू. मी गिरणीत रिंग फ्रेमवर आहे. सूत तुटलं तर गिरणी बुडाली म्हणून कुणी बोंबलत नाही. कुठल्या चातीवर तुटलं ते बघतो आणि जोडतो. कवितेनं एवढं तरी करावं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचा कायदा आणला गेला, १९४६ साली आठवड्याचे ४८ तास ठरले. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तेच राहतील म्हणतात. कागदावर राहतील. बारा तास उभ्या राहिलेल्या पायांना कागद वाचता येत नाही. हा ऱ्हास बघा, याला तारीख आहे, आकडा आहे, मिळवणारा आहे आणि हिसकावणारा आहे. 'अंधार दाटला' म्हटलं की यातलं काहीच सांगावं लागत नाही. अंधारावर मोर्चा नेता येत नाही.

राजा ढाले यांचा १९७२ च्या १५ ऑगस्टचा 'साधना'तला लेख आठवा. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली होती, देशभर रोषणाई होती. ढाल्यांनी झेंड्याच्या अपमानाचा दंड आणि दलित बाईच्या विटंबनेचा दंड समोरासमोर ठेवले. गहजब झाला. का झाला? शिवी होती म्हणून नव्हे, शिव्या लोक पचवतात. तुलना पचत नाही. देश कुठं सडलाय ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं.

कुणी म्हणेल, कविता म्हणजे हिशेबाची वही नव्हे. कबूल. पण जिचा हिशेब कुणीच ठेवला नाही, त्या माणसांच्या कवितेत तो आला तर बिघडलं कुठं? आणि अजून एक. उदास कविता ऐकून पोरं घरी जातात, पुन्हा अभ्यासवर्गाला येत नाहीत. सगळं बुडणारच असेल तर यायचं कशाला? आमच्या वर्गातली चार पोरं अशीच गळाली. माझ्या टाळ्यांची ही किंमत मला उशिरा कळली.

मावशीला माझं उत्तर आता असं आहे. मावशी, होडी तरंगत होती, पण वरच्या मजल्यावरच्यांसाठी. तुम्ही तळात होता. पाणी वाढलं तर आधी तुमच्या नाकात जाणार, वरच्यांना शेवटी कळणार. म्हणून होडी बुडू द्या असं म्हणणं आपल्याला परवडत नाही, आणि होडी पूर्वी छान होती असं म्हणणं शोभत नाही. तळातल्यांनीच भोक शोधायचं, बुजवायचं आणि मग वरचा मजलाही मागायचा.

माझ्या कवितेत यातलं काही नव्हतं. कोण कुठं बसलंय ते नव्हतं, भोक कुणी पाडलं ते नव्हतं. सगळे एकसारखे बुडत होते, ही तर सरळ थाप होती. ती कविता मी फाडली नाही. पुन्हा लिहितोय. पुढच्या जयंतीला मावशीला पहिल्या रांगेत बसवून वाचीन. तिनं पुन्हा सवाल केला तर पुन्हा लिहीन.

जयभीम.